घरामागची पट्टी

कळव्यात डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर. मागे वस्ती नाही, सरळ गवत, ते थेट वर डोंगरापर्यंत. पावसाळ्यात लोक तिथे फोटो काढायला येतात. फेब्रुवारीत तेच गवत पिवळं पडतं, कागदासारखं वाजायला लागतं, आणि मग कुणाची एक विडी पुरते.

वडील कोकणातले, इथे कारखान्यात हेल्पर. गावी काजूच्या बागेभोवतीचं गवत कापून जमीन उघडी करायचे, म्हणजे वणवा आला तरी तिथे थांबतो. तीच सवय त्यांनी इथे आणली. शिमग्याआधी घरामागची पट्टी स्वच्छ पाहिजे म्हणजे पाहिजे. गवत बुंध्यापासून कापायचं, पाचोळा झाडायचा, पत्र्यावरची पानं काढायची, सरपण भिंतीपासून लांब ठेवायचं. ते गेल्यावर हे काम मी घेतलं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. ठाण्याला ऑफिसात अकाउंट्स बघते आणि घरी विळा चालवते. दोन्हीचा मला अभिमान आहे. माझी भर म्हणजे मोरीचं पाणी मागे वळवून मी केळी आणि अळू लावलं, भिंतीलगत कोरफड. ओलं हिरवं सहजी पेटत नाही.

शेजारच्या घरात चुलतभाऊ. त्याला मी राखी बांधते. त्याच्या मागचं गवतही मीच कापायची, कारण पट्टी सलग असली तरच उपयोग. तो ओट्यावरून ओरडायचा, "मॅडम डोंगर झाडतायत! वरपर्यंत जा, लादी पण पुसून या!"

"दादा, हसून झालं की टोपली उचल."

उचलायचा. म्हणून तर माझा विश्वास.

गेल्या वर्षी होळीच्या तोंडावर कल्याणला मावसबहिणीचं लग्न होतं. आईला घेऊन मी गेलेले. निघताना त्याला सांगितलं, "दादा, मागे लक्ष ठेव हां."

"जा गं बिनधास्त. तुझी पट्टी ती माझी पट्टी."

परत आलो ते दुपारी. रिक्षातून उतरताना वर डोंगरावर धूर दिसला. तो दरवर्षीच दिसतो. मी आईला म्हटलं, "घाबरू नकोस, आपलं मागे सगळं उघडं आहे." मागचं दार उघडलं आणि हातातली पिशवी खालीच पडली. स्वयंपाकघराच्या खिडकीखालपासून पट्टीच्या पार पलीकडच्या गवतापर्यंत गल्लीच्या होळीचं सामान रचलेलं. झावळ्या, पेंढा, फळांच्या पेट्या, मोडक्या खाटा.

हाक मारल्यावर तो आला. "अगं, गल्लीत गाड्या लागतात. तुझ्या मागे जागा मोकळी दिसली."

"ती मोकळी का ठेवते मी, माहितीये ना तुला?"

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"आत्ता उचल. वर बघ, डोंगर पेटलाय."

"होळीला दिलेलं लाकूड हलवत नाहीत गं. आणि ठेवू कुठे? माझ्या दारात?"

हे तो सहज बोलला, म्हणूनच जास्त लागलं.

आई आणि मी झावळ्या ओढायला लागलो. तो गल्लीतल्यांना विचारून येतो म्हणाला. तेवढ्यात वारा फिरला आणि आग गवतातून धावतच खाली आली. केळींसमोर उघड्या मातीपाशी पोचली आणि विझली. त्याच्या घरामागेही विझली, तिथलं गवत मीच कापलेलं. फक्त तो ढीग होता तिथूनच ती पट्टी ओलांडून आली. खिडकीची चौकट पेटली, पाण्याची टाकी वितळून बसली, स्वयंपाकघराचं छप्पर आत आलं. मग तो बादल्या घेऊन धावला, सगळी गल्ली धावली, हेही सांगायला हवं. पुढच्या खोल्या वाचल्या. वडिलांनी रविवारी रविवारी बांधलेलं स्वयंपाकघर गेलं.

संध्याकाळी काकू, म्हणजे त्याची आई, आमच्यासाठी पोळ्या घेऊन आल्या. "मला वाटलेलंच गं. तुला फोन करणार होते."

"मग केला का नाही?"

"तू लग्नात होतीस ना."

राखेत समोरच्यांच्या खाटेचे लोखंडी पाय सापडले. काकूंच्या जुन्या पेटीची कडीसुद्धा. म्हणजे प्रत्येकाने मागे येऊन, माझी झाडलेली जमीन बघून, आपापलं सामान तिथे ठेवलेलं. आणि घरी जाऊन जेवलेही असतील.

राखीला मी गेले नाही.

यंदा स्वयंपाकघरावर नवा पत्रा आहे आणि पट्टीला दोन्ही बाजूंनी काटेरी तार. आमच्या मागचं गवत कापून मी हद्दीपाशी थांबले. त्याचं गवत कमरेएवढं उभं होतं. क्षणभर वाटलं, राहू दे. पण ते माझ्या नव्या भिंतीपासून चार हातांवर. कापलं. त्याच्यासाठी नाही, भिंतीसाठी.

तो चहा घेऊन आला. "बघ, शेवटी तूच कापलंस. मनात काही नाही ना?"

"टोपली आहे तिथे," मी म्हटलं.

तो हसला, कप तारेच्या खांबावर ठेवून फोनवर बोलत आत गेला. मी टोपली भरली, उचलली आणि लांब नेऊन ओतली. परत आले तेव्हा चहावर साय धरलेली. तो मी केळीच्या बुंध्यात ओतला आणि कप त्याच्या ओट्यावर उपडा ठेवला.