मास्तरांच्या घरची साखर

गांधीजी गेले तेव्हा तुम्ही कुठं होता, असं कुणी विचारलं की आमच्या आत्याबाई लगेच सांगायच्या, "मास्तरणीची कंबर धरून बसले हुते." ते खरंच होतं. पण ते शुक्रवारचं. शनिवारचं त्या कधीच सांगत नसत, आणि मीही त्यांना कधी टोकलं नाही.

आत्याबाई म्हणजे माझी सासू, रंगुबाई. कुंडलजवळच्या आमच्या गावची सुईण. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळं पाटलालासुद्धा अरेतुरे करायच्या. तोंडात तीळ भिजायचा नाही. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यावाचून करमायचंही नाही.

अनंत मास्तरांचं गावात एकच बामणाचं घर. त्यांच्या शरयूबाईंची तीन मुलं बारशाआधीच गेली होती. चौथा मुलगा त्या शुक्रवारी दिवेलागणीला झाला आणि खणखणीत रडला. आत्याबाईही रडल्या. आमच्याकडची रीत अशी, की मूल जगलं याची ग्वाही सुईणीनं द्यायची, म्हणून पहिली साखर तिनंच घरोघर वाटायची.

शनिवारी सकाळी मास्तर सासुरवाडीला तार करायला ताकारी स्टेशनावर गेले, ते पांढरेफटक होऊन परत आले. घरी न जाता आमच्या दारात थांबले. म्हणाले, "रंगुबाई, साखर आज नको. चार दिवस थांबा."

कारण सांगितलं नाही. आत्याबाईंना सांगितलं असतं तर घटकाभरात बाळंतिणीच्या कानावर गेलं असतं आणि तिनं हाय खाल्ली असती.

आत्याबाईंनी भलताच अर्थ लावला. "बघ गं, पोरगं झालं तरी मास्तराचा हात आखडलेलाच! साखर न्हाई वाटली तर गाव काय म्हनंल, ह्येबी गेलं?" त्यांनी आमच्याच घरातली साखर काढून दोन ताटं भरली. एक माझ्या हातात दिलं. मास्तरांचं ऐका, असं मी म्हणायला हवं होतं. पण मलाही मिरवायची हौस होती. पदर खोचला आणि निघाले.

वीसेक घरं झाली असतील, तेवढ्यात स्टेशनाकडून माणसं बातमी घेऊन आली. काल संध्याकाळी दिल्लीत गांधीबाबांना गोळ्या घातल्या, आणि मारणारा बामण. लोकांच्या तोंडात अजून साखर होती.

"बामनानं साखर वाटली!" एवढंच मग गल्लीतून फिरत राहिलं. सकाळी मास्तरांच्या पोराचं कौतुक करणाऱ्यांपैकी एकानंही आता त्या पोराचं नाव काढलं नाही. गडीमाणसं हमसून रडताना मी त्या दिवशी पाहिली. त्यातलीच काही दुपारी रॉकेलचा डबा शोधत होती.

आम्ही दोघी मास्तरांच्या घरी धावलो. मायलेकरांना मी मागल्या दारानं आमच्या घरी पोचवलं आणि परत आले, तोवर पुढं गर्दी जमली होती. परगावचेही होते. ज्योतिबानं आत्याबाईंचा दंड धरला होता. हा ज्योतिबाही त्यांच्याच हातावर जन्मलेला.

"म्हातारे, साखर वाटायला कुनी सांगितलं?"

जन्मभर ज्या बाईची जीभ कुणापुढं अडली नाही, ती नुसती बघत राहिली. मास्तर पुढं आले.

"मी सांगितलं. मुलगा झाला म्हणून. त्यांना सोडा."

ज्योतिबानं दंड सोडला. 'मुलगा झाला म्हणून' हे कुणी ऐकलंच नाही. मास्तरांच्या अंगाला कुणी हात लावला नाही, एवढंच. घर संध्याकाळपर्यंत जळत होतं.

पुढं कळलं, साखर न वाटलेल्या गावांतही घरं जळली होती. आत्याबाईंना मी ते सांगून बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर बैलगाडीनं सांगलीकडं निघाले. तिकडंही जाळपोळ झाली होती, पण शरयूबाईंचं माहेर तिथं होतं. आत्याबाईंनी आपल्या लुगड्यात गुंडाळलेलं पोर त्यांच्या मांडीवर दिलं. शरयूबाई नवऱ्याकडं बघून म्हणाल्या,

"चार दिवस थांबता आलं नसतं का हो? साखरेवाचून काय अडलं होतं? माझ्या लेकराला घर ठेवलं नाहीत तुम्ही."

मास्तर बैलांकडं बघत राहिले. आत्याबाई गाडीच्या चाकावर हात ठेवून उभ्या होत्या आणि मी त्यांच्या शेजारी. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही.