गुडघ्यापर्यंत गार

मामा आयसीयूत शिरले की मॉनिटरकडे बघत नसत. चादरीचं टोक उचलायचे, पेशंटच्या पावलाला उलटा हात लावायचे आणि हात हळूहळू वर न्यायचे. घोटा, पोटरी, गुडघा. गारवा कुठवर चढलाय ते मला सांगायचे आणि फरशी पुसायला लागायचे.

जुन्नरच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात मी नर्स होते आणि ते वॉर्डबॉय; सगळेच त्यांना मामा म्हणायचे. साठी जवळ आली होती, तरी हजेरीपटावर ‘बॉय’च. आणे गावच्या पठारावर त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. “मेंढरू कुठं सांगतंय काय दुखतंय? हात लावल्याबिगर कळत न्हाई,” म्हणायचे.

तुम्ही कधी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसला असाल, तर तुम्हाला माहीत असेल. तिथं जो तो एकच विचारतो, बीपी वाढलं का? मामा सांगायचे, “आकड्याच्या मागं नका लागू, पावणं. माणूस बघा.”

एकदा अवसरीचे एक मास्तर मोटरसायकलवरून पडून आले. मॉनिटरवर बीपी ठीक दिसत होतं. मामा म्हणाले, “ताई, गुडघ्यापातुर गार हाय ह्यो.” नवे डॉक्टर हसले. मी तरी बीपीचा पट्टा नीट बांधून हातानं मोजलं, तर वरचं बीपी सत्तर. पोटात रक्तस्राव चालू होता, पायांपर्यंत रक्त पोचतच नव्हतं. वेळेत पुण्याला हलवलं म्हणून मास्तर वाचले. महिन्यानं ते पेढे घेऊन आले. मामांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा मामींसाठी रुमालात बांधला.

त्या मामींना दिवाळीनंतर एका सकाळी शेजाऱ्यांनी जीपमधून आणलं. दुसरा वॉर्डबॉय रजेवर होता, म्हणून मामा तीन दिवस घरीच गेले नव्हते. मामींनी ताप कुणाला सांगितला नव्हता. लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. आम्ही सलाईन लावली, बीपी वाढवायचं औषध सुरू केलं, त्याचा डोस वाढवत नेला. बीपी वर यायचं आणि परत घसरायचं. पुण्यापर्यंतचा प्रवास सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मामा आत आले ते थेट मॉनिटरसमोर उभे राहिले. त्यांना तिकडे बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

“आता किती हाय, ताई?” पाचेक मिनिटांनी त्यांनी विचारलं.

“पासष्ट.”

“मगाशी अडुसष्ट व्हतं.”

मी पायाकडची चादर थोडी बाजूला केली. “मामा, हात तरी लावा.”

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. “न्हाई. लावला की कळंल मला.”

दुपारी मामी गेल्या. बाहेर बाकावर मामा एवढंच बोलले, “साऱ्या तालुक्याला हात लावत बसलो. घरच्या माणसाला लावायचा ऱ्हायला.”

तीन आठवड्यांनी ते दवाखान्यात आले. गणवेश धुऊन, घडी घालून आणला होता. काम सोडतो म्हणाले. मी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत गेले. एक गोष्ट माझ्याकडे राहून गेली होती, ती त्यांना द्यायची होती.

“मामा, मी सलाईन लावत होते तेव्हा मामी शुद्धीत होत्या. मला म्हणाल्या, ‘त्यांनी सकाळपासनं काय खाल्लंय का, बघा जरा.’ त्या धावपळीत तुम्हाला सांगायचं राहिलं.”

आण्याची गाडी लागली, माणसं चढायला लागली.

“न्हाई,” ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. “कायबी न्हाई खाल्लं त्या दिवशी.”

मग पिशवी उचलून ते गाडीत चढले.