साडूंची चौकशी

माझ्या साडूंइतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि लोकांनी इतक्या संशयानं पाहावं असाही दुसरा कुणी माझ्या पाहण्यात नाही. बहात्तर सालच्या आसपास ते नगरच्या एका एजन्सीतर्फे विहिरीवरची ऑइल इंजिनं विकायचे. विकायचे म्हणजे, विकण्याची तयारी करायचे. गिऱ्हाइकाच्या दारात एकदम जाऊन उभं राहणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. आधी स्टँडवरच्या हॉटेलात चहा, मग न्हाव्याकडे नको असलेली दाढी, मग पिठाची गिरणी. विहिरीला पाणी किती, भावाभावांत पटतं का, घरात शब्द कुणाचा चालतो, सगळं काढून घ्यायचं आणि एकानं सांगितलेलं दुसऱ्याकडून तपासायचं. "साडूभाऊ, मानूस विहिरीबद्दल खरं बोलतो, सोताबद्दल न्हाई," असं मला बजावत. एका गावानं त्यांना सरकारी लेव्हीचं धान्य वसूल करणारा इन्स्पेक्टर समजून ज्वारीची पोती दडवली. दुसऱ्या गावात साध्या वेशातला पोलीस म्हणून कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेवटी एजन्सीवाल्यानं बजावलं, महिनाअखेर एक तरी इंजिन खपलं नाही तर एजन्सीची बॅग परत करा. साडूंनी कोल्हारचा एक बागायतदार हेरला आणि त्याची अशी काही चौकशी केली की त्या घरातलं मांजरदेखील त्यांना ओळखीचं झालं असावं. मला रजा होती, म्हणून मीही बरोबर गेलो. अंगण सारवलेलं, ओसरीवर नवी सतरंजी, मालकाच्या डोक्याला कोरा पटका. साडू माझ्या कानाशी लागले, "काहीतरी गडबड हाय. दुसऱ्या कंपनीचा मानूस येऊन गेलाय."

"आमची लई चौकशी केलीत म्हनं," मालक डोळे बारीक करून म्हणाले.

"करावीच लागती, पाव्हणं."

साडूंनी बॅगेत हात घातला. तेवढ्यात आतून पोहे आले आणि पाठोपाठ डोक्यावर पदर घेतलेली मुलगी येऊन पाटावर बसली. त्या भागात घराची एवढी खोदून चौकशी माणूस एकाच कामासाठी करतो. साडूंचा हात बॅगेतच राहिला. मग त्यांनी तो रिकामाच बाहेर काढला आणि मायेनं विचारलं, "नाव काय, बाळ? कितवी शिकलीस?"

मुलगा कोण, कुठला, हा विषय निघाल्यावर "बघतोय, कळवतो" म्हणून ते उठले. एस.टी.त मी चिडलो, तर म्हणाले, "शब्द गेलाय आता. पोरगा बघाय पायजे." उरलेला महिना त्यांनी मिरजगावचा एक मुलगा तपासण्यात घालवला. त्याचं व्यसन, त्याचा राग, त्याच्या आईचा स्वभाव, काही सोडलं नाही. लग्न ठरलं. बॅग गेली.

लग्नात त्या बागायतदाराच्या मळ्यावर दुसऱ्याच कंपनीचं नवं इंजिन धडधडत होतं. मी न राहवून सगळं सांगून टाकलं. मालक थक्कच झाले.

"तुमी इंजिनं विकायचा? मला तर इंजिनच घ्यायचं हुतं! बोलला का न्हाईत?"

"पोरगी नटून समोर बसली हुती," साडू म्हणाले. "तिच्या म्होरं इंजिनाचा कागद कसा काढू?"

मुलीच्या मामासाठी आणलेला मानाचा फेटा मालकांनी स्वतःच्या हातानं साडूंना बांधला. साडू खाली मान घालून बसून राहिले. पुढे त्यांनी नगरात एका दुकानात नोकरी धरली आणि पुन्हा कुठल्या गावाची चौकशी केली नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.