रूपलालची बिनआवाजाची गाडी

रूपलाल गाडी चालवताना तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज काढायचा. पोरं खेळताना काढतात तसा नाही, चांगला कामाचा. वेग वाढला की आवाज चढायचा, वळण आलं की उतरायचा. त्याची गाडी विजेवर चालणारी होती आणि तिला स्वतःचा आवाज नव्हता. "तीस वर्सं मी कानानं गाडी चालवली मावशी," तो म्हणायचा. "आता हे मुकी भेटली. हिच्या वाट्याचं मलेच बोला लागते."

आमच्या घरांची भिंत एकच. गाव तिरोड्याहून बोदलकसाकडे जाताना लागतं. रूपलाल पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, कोणाला न भिणारा. गावातला पहिला ट्रॅक्टर त्यानंच चालवला. मग एका रोवणीच्या दिवसांत तो ट्रॅक्टर बांधावरून उलटला आणि त्याचा डावा पाय घोट्याच्या वरून गेला. चूक त्याचीच होती. बांध ओला दिसत असताना त्यानं वर चढवला. हे मी त्याला दवाखान्यातच सांगितलं. त्यानं मान हलवली. "माझीच चूक. पन तीस वर्सांत एक व्हय."

लोकांनी तीस वर्षं सोडून दिली आणि एक चूक धरून ठेवली.

त्याची मुलगी नागपूरला नोकरीला आहे. तिनं त्याला एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली. तिला क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. परवाना नव्यानं काढला. दुपारी आमच्या गावातून बस नसते, तर दवाखान्याच्या, बाजाराच्या लोकांना नेऊ-आणू, असं त्याच्या मनात होतं. सकाळी गाडी धुऊन तो ग्रामपंचायतीसमोर उभी करायचा. कोणी बसेना. कोणाला काम निघायचं, कोणाला पायी चालणं तब्येतीला बरं वाटायचं. त्याची बायको कौसल्या सकाळच्या बसनं बाजाराला जायची आणि हा त्याच बसच्या मागं रिकामी गाडी घेऊन जायचा. अख्खा गाव हसायचा.

मलाही त्यानं विचारलं, "तू काऊन नाई बसत?"

"मले माहे दोन्ही पाय पाह्यजेत," मी म्हटलं.

तो हसला. पण त्यानंतर दोन दिवस गाडी अंगणातून निघाली नाही.

मग एकदा तो गोंदियाहून आला तो सरळ माझ्या ओसरीवर. तिकडे गाडी चार्जिंगला लावली असताना त्यानं एक कागद चिकटवलेला पाहिला होता. शहरातली काही पोरं एका राइस मिलच्या धान वाळवायच्या पटांगणात गाड्यांची स्पर्धा ठेवणार होती. ऑटोक्रॉस म्हणतात. गाडी कोणतीही चालते.

"म्हातारपणी शर्यत लावतोस?" मी म्हटलं.

"एकामेकाच्या संगं नाई पळवत मावशी. एकएक गाडी सोडतात. रस्त्यावर ठेवतात तसे रबरी कोन मांडले राह्यतात, त्याच्यातून वाकडंतिकडं जाचं. घड्याळ लावतात. कोन पाडला का दोन सेकंद वाढले."

"अन् जिंकून काय भेटते?"

"मले जिंकाचं नाई." मग म्हणाला, "मले एक बी कोन पाडाचा नाई, कौसल्याच्या डोळ्यांदेखत. मग हे बसते का नाई ते पाहू."

त्याला सरावासाठी माझं खळं पाहिजे होतं. धान घरी आलं होतं, खळं मोकळं होतं. मी म्हटलं, खळं घे, बसायला सांगू नको. खताच्या रिकाम्या पोत्यांत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून आम्ही कोन केले. ते मांडायचे, बाजूला बसून पाहायचं आणि पोतं हललं की हललं म्हणायचं, हे माझं काम.

पहिल्या दिवशी त्यानं ट्रॅक्टरच्या सवयीनं पाय दाबला आणि गाडी उडी मारून माझ्या तणशीच्या ढिगात शिरली. "ट्रॅक्टर आधी विचार करते, मंग निंगते," ढिगातून बाहेर येत तो म्हणाला. "हे विचारच करत नाई." नंतर तो अनवाणी चालवून पाहू लागला, अंगठा किती दबतो ते कळावं म्हणून. पाय उचलला की गाडी ब्रेकशिवाय आपोआप हळू होते, हे त्यानं धरलं. वळायच्या आधी पाय उचलायचा, वळताना पुढच्या पोत्याकडे बघायचं, जवळच्या पोत्याकडे बघायचंच नाही. "जवळच्याले पाह्यलं का त्यालेच धडकते," तो सांगायचा. मी पोत्यांमधली जागा रोज थोडी कमी करत गेले. तीन आठवड्यांत पोतं हलायचं बंद झालं.

एकदा माझी नजर कच्ची आहे असं तो म्हणाला. त्या दिवशी मी पोत्यांच्या टोकाला चुना लावला. संध्याकाळी गाडीच्या दाराला पांढरा पट्टा निघाला. त्यानं दार पुसलं आणि पुन्हा माझ्या नजरेबद्दल बोलला नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी कौसल्याला घेऊन बसनं गोंदियाला गेले. ती येत नव्हती. "माणूस पडताना मी एकदा पाह्यला, आता नाई पाहत," म्हणाली. मी तिच्या हातात पिशवी दिली आणि चाल म्हटलं. गावातले आणखी चौघं आले होते, ते मजा बघायला.

पटांगण सिमेंटचं, मोठं. तिथली पोरं हिंदी बोलणारी. त्यातला एक प्रत्येक गाडी तपासत होता. रूपलालला म्हणाला, "चाचा, गाड़ी में जो भी हिलता है, सब बाहर निकालो।" रूपलालनं पाण्याची कॅन, छत्री, लिंबू-मिरची आणि डिकीतलं तांदळानं भरलेलं चुंगडं बाहेर काढलं. मग पँट वर करून नकली पाय दाखवला. "ये भी हिलता है। निकालूँ?" पोरगा लालेलाल झाला. सगळे हसले, कौसल्या सोडून.

आधी सगळ्यांनी पायी चालून वाट पाहून ठेवायची असते. बाकीचे दोनदा फिरले, रूपलाल चारदा. प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या. हेल्मेट घालून तो बसला, झेंडा पडला आणि गाडी निघाली.

चार कोन पडले.

आमच्या गावचे चौघं एकमेकांच्या पाठीवर थाप मारून हसले. एक म्हणाला, "बांध तर कुठंच दिसून नाई राह्यला, मंग काऊन?" कौसल्या उठली आणि बसस्टँडकडे निघाली. मी तिच्या लुगड्याचा पदर धरला. "बस खाली. अजून दोन आहेत."

पण मला कोडं पडलं होतं. खळ्यावर न चुकणारा माणूस इथं कसा चुकला? मी पडलेले कोन पाहिले. चारही उजव्या वळणावरचे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खळ्यावर बैल मधल्या मेढीच्या खांबाभोवती डाव्या अंगानंच फिरतात. माझ्या बापाचे तसेच फिरायचे, सासऱ्याचे तसेच, आणि पुढे मळणीला ट्रॅक्टर आला तोही रूपलालनं तसाच फिरवला. मी पोती मांडली ती त्याच फेऱ्यात आणि त्यानं गाडी चालवली ती त्याच फेऱ्यात. तीन आठवडे उजवीकडे एकही वळण नाही, आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. जन्मभर पाहिलेलं कोण तपासतं?

मी जाऊन त्याला सांगितलं. "तू एकाच अंगानं शिकला. चूक माही बी आहे."

त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण तो बोलला एवढंच, "बरं झालं. म्हंजे माहा हात बिघडला नाई." सरावाला जागा नव्हती. तो उभ्या गाडीत बसला, डोळे मिटले आणि रिकाम्या हातांनी उजवीकडे वळत राहिला. पुन्हा पुन्हा. पोरं बघत होती. त्याला त्याचं काही नव्हतं.

दुसऱ्या फेरीत एक कोन पडला. तिसऱ्या फेरीत तो उजव्या वळणावर इतका हळू झाला की घड्याळवाला पोरगा ओरडला, "चाचा, भगाओ!" रूपलालनं भगावली नाही. वळण संपल्यावर मात्र त्यानं अंगठा असा दाबला की गाडी सणकन शेवटच्या दोन कोनांमधून बाहेर आली. एकही पडला नाही. नंबर कुठला तरी मधलाच होता.

कौसल्यानं मला विचारलं, "सगळे उभे आहेत?"

"मोजून पाह्य," मी म्हटलं.

तिनं खरंच मोजले. मग परत जायच्या वेळी ती त्याच्या गाडीत मागं जाऊन बसली आणि दाराची कडी दोन्ही हातांनी धरली. मी पुढं बसले. घरापर्यंत रूपलालनं ट्रॅक्टरचा आवाजसुद्धा काढला नाही.

त्यानंतर पुरी तीन वर्षं ती गाडी उभी राहिली नाही. बाळंतिणी, तापाची पोरं, डोळ्यांचे म्हातारे, सगळे त्यानं नेले आणि आणले. त्यातले मी पाहिलेलेच पुष्कळ आहेत. गेल्या उन्हाळ्यात दुपारी जेवून बाजेवर आडवा झाला तो उठला नाही. छातीचं होतं, त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. हेही मूर्खपणाचं, आणि जिवंत असता तर मी त्याला तसं म्हटलं असतं.

तेरवीला पंगत बसली तेव्हा प्रत्येकाला त्याची आठवण निघाली. राइस मिलवर बांधाचं विचारणारा तोच माणूस वरण वाढून घेत म्हणाला, "आमी तं पह्यल्यापासून रूपलालच्याच गाडीत बसत होतो."

मी द्रोण खाली ठेवला. "नाई," मी म्हटलं. "कोनीच बसत नव्हतं. तू नाई, मी नाई. मी तं पायाचं बोलून दाखवलं होतं त्याले."

कौसल्या भाताचं घमेलं घेऊन उभी होती. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

"सांगा मावशी, सगळं सांगा," ती म्हणाली. "मी बी सगळे कोन मोजूनच बसली होती, ते बी मागं."