थोरल्याचं कार्ड

माझे बाबा आणि माझे काका एकमेकांना मारत मारत म्हातारे झाले. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात दोघांची वावरं लागून आहेत आणि मधे एक धुरा, म्हणजे बांध आहे, धड बैलबंडीही जाणार नाही एवढा अरुंद. त्या धुऱ्यापायी बाबांनी काकांचं डोकं फोडलं होतं. काकांनी दगड मारून बाबांचे समोरचे दात पाडले होते. एका उन्हाळ्यात तर दोघं एकमेकांचे गळे धरून विहिरीच्या काठापर्यंत लोळत गेले आणि झुंजणारे बैल सोडवावेत तसं लोकांनी दोर टाकून त्यांना वेगळं केलं. मी तेव्हा शाळेत होते. आई मला आत ओढत होती आणि मी दाराची चौकट सोडत नव्हते. कोण मरतं ते मला बघायचं होतं.

आता मी पन्नाशीला आले. दारव्ह्यात शिवणकाम करते. आई गेल्यापासून बाबा गावात एकटेच राहतात. काकांना मूलबाळ नाही, पण काकू आहे, आणि काकूशी माझं कधीच तुटलं नाही. लहानपणी बाबा मारायला धावले की मी तिच्याच घरात घुसायची. बाबा दारात उभे राहून शिव्या द्यायचे, पण उंबरा ओलांडायचे नाहीत. भावाच्या घरात पाय ठेवायचा नाही, एवढं त्यांनी आयुष्यभर पाळलं.

सत्तरीवरच्या माणसांचं आयुष्मान कार्ड निघतं हे मी दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून ऐकलं. बाबांना हर्निया होता. उठता-बसता एका हातानं पोटाखाली दाबून धरायचे, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर यायचे. म्हणून मी तालुक्याच्या ऑनलाइन केंद्रात जाऊन सगळं नीट विचारून आले. सत्तर पूर्ण झालेल्या कोणाचंही निघतं. राशन कार्ड पिवळं की केशरी, वावर किती, कोणी विचारत नाही. फक्त आधार लागतं, कारण वय त्याच्यावरूनच धरतात. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज होतो, पण दवाखान्यात भरती झालं तर, आणि दवाखाना यादीतला असला तर. तापाच्या गोळ्या आणल्या तर त्या आपल्याच खिशातून.

गावात शाळेच्या वऱ्हांड्यात कार्डांचा कॅम्प लागणार होता. मी बाबांना सांगितलं आणि काकूलाही फोन केला. दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलवायचं माझ्या मनात होतं. पण कॅम्प सगळ्यांसाठी एकच होता, आणि दोघं एकाच वेळी येऊन उभे राहिले.

बाबा सगळ्यांना कोपरानं ढकलत पुढे गेले. "थोरला मी आहो," ते म्हणाले. "पयले माहं निघन."

कार्ड काढणाऱ्या बाईनं आधारचा नंबर टाकला, कॉम्प्युटरकडे बघितलं, परत टाकला. "बाबा, तुमचं नाही निघत. आधारवर तुमचे सत्तर भरले नाहीत."

"काय बोलून राह्यली व? पंचाहत्तरीले टेकलो मी!"

"मी काय करू? इथं अडुसष्ट दाखवते."

मला कारण ठाऊक होतं. बाबा पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार होते. म्हाताऱ्यांना काढून टाकणार अशी बोंब उठली तेव्हाच गावात आधारची मशीन आली होती, आणि बाबांनी आपलं वय भरपूर कमी करून सांगितलं होतं. काकांनी शाळेचा दाखला दाखवला होता, म्हणून त्यांचं वय बरोबर होतं. मी बाबांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, दुरुस्त होते ते. आपण करून आणू." त्यांनी माझा हात झटकला.

मग काका बसले. मोबाइलवर नंबर आला, काकूनं वाचून दाखवला, फोटो निघाला, आणि बाई म्हणाली, "झालं काका तुमचं." वऱ्हांड्यात वीसेक म्हातारी माणसं बसली होती. काका उठले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजपासून सरकारनं मले थोरलं केलं. आता मले दादा म्हणत जाय बे. अन् धुरा बी थोरल्याचाच असते."

कोणीतरी हसलं. बाबा पायऱ्या उतरून खाली गेले आणि मला वाटलं, घरी निघाले. शाळेसमोर कोणाची तरी बंडी सोडून ठेवली होती. बाबांनी तिची उभारी उपसली. बंडीच्या कडेला भार आवरायला लावतात तो बाभळीचा दांडा, मनगटाएवढा जाड.

मी धावले. त्यांचा दंड धरला तेव्हा त्यांनी कोपर मारलं. माझा ओठ दातावर फाटला आणि तोंडात रक्त आलं. पंचाहत्तरीचा हर्नियावाला माणूस, पण मी दोन्ही हातांनी लटकले तरी तो थांबला नाही, मला फरफटत घेऊन गेला. काका पायऱ्या उतरत होते. त्यांनी समोर पाहिलं. बाबांनी उभारी दोन्ही हातांनी डोक्यामागं नेली होती आणि ते काकांच्या कपाळाकडे बघत होते. मी त्यांच्याजवळ होते. ते कुठं बघत होते ते मला स्पष्ट दिसलं. काका घाबरून मागं सरकले, पाय चुकला, पायरीवर आपटले. घाव मांडीवर बसला. आवाज जाड आणि ओला होता. बाबांनी परत उचलली आणि परत मारली, त्याच जागी. काकांचा पाय मांडीच्या मधोमध वाकडा झाला, जिथं माणसाचा पाय वाकत नाही तिथं.

काका ओरडत नव्हते. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. ओरडत होती काकू. तिनं येऊन बाबांच्या मनगटाचा चावा घेतला आणि सोडलाच नाही. बाबा तिच्या पाठीत बुक्क्या घालत होते आणि ती चावतच होती, तिच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. शेवटी उभारी खाली पडली आणि चारपाच माणसं बाबांच्या अंगावर बसली. बाबा मातीत तोंड दाबलेल्या अवस्थेत म्हणत होते, "थोरला मी आहो. थोरला मी आहो."

जीपमध्ये काकांना आडवं टाकून आम्ही यवतमाळला नेलं. प्रत्येक खड्ड्याला ते काकूचा पदर दातात धरायचे. यादीतला दवाखाना कोणता हे मला माहीत होतं. तिथल्या आरोग्यमित्रानं, म्हणजे कार्डाचं काम बघायला बसवलेल्या माणसानं, काकांचा नंबर टाकला आणि म्हणाला, "कार्ड आजच निघालं काय यांचं?" मी म्हटलं, "हो."

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. मांडीचं हाड तुटलं होतं, सळई टाकावी लागणार होती. कार्डावर होईल, ते म्हणाले, पण ही मारहाण दिसते, पोलिसांना कळवावंच लागेल. ते गेल्यावर मी काकांजवळ बसले. माझा ओठ सुजून बोलता येत नव्हतं. तरी म्हटलं, "काका, बंडीवरून पडलो म्हणा ना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुह्या बापानं मारलं मले," ते म्हणाले. "वाटते का तुले, मी पडलो?"

काकू भिंतीला टेकून बसली होती. पाठीतल्या मारानं तिला श्वास घेता येत नव्हता. तिच्याकडे पाहून मला माझीच लाज वाटली. हिच्याच घरात घुसून मी मारातून वाचायची.

हवालदार आला. काकांनी सगळं सांगितलं, आपण काय टोमणा मारला तोसुद्धा. मग हवालदारानं मला विचारलं, "तुम्ही होत्या का तिथं?"

"होती," मी म्हटलं, आणि पाहिलं ते सांगितलं. उभारी कुठून काढली, कशी धरली, कुठं मारायची होती, सगळं. त्यानं लिहून घेतलं आणि मी सही केली.

बाबांना त्याच संध्याकाळी पोलिसांनी नेलं होतं. वय पाहून काही दिवसांनी जामीन झाला. वकील मीच लावला. बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मी डबा नेला की कुत्र्याला घालायचे, माझ्यासमोर. पण ते अंगणातून चालताना पोटाखाली हात दाबून चालायचे, आणि ते मला बघवत नव्हतं. मी तहसिलीत खेटे घातले, जुन्या कोतवाल बुकातून बाबांच्या जन्माची नक्कल काढली, आधारवरचं वय दुरुस्त केलं. फोटोसाठी त्यांना केंद्रात नेलं तेव्हा ते कॅमेऱ्याकडे असे बघत होते की फोटो काढणारा पोऱ्या दोनदा म्हणाला, "बाबा, चेहरा सैल सोडा." कार्ड निघालं. बाबांनी ते सदऱ्याच्या खिशात घातलं आणि मग यवतमाळच्या दवाखान्यात माझ्याबरोबर आले. ऑपरेशनची तारीख मिळाली.

परतताना आम्ही जीपमध्ये मागं बसलो होतो. दारव्हा जवळ आल्यावर बाबा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलले.

"लंगडते म्हणतात तो."

"हाव."

"वावरात जाते का?"

"काठी घेऊन जाते. जास्त वेळ उभं राहवत नाही."

ते बाहेर बघत राहिले. मग तोंड न वळवता म्हणाले, "मी टकुऱ्यात मारत होतो. तो पडला म्हणून वाचला."

"माहीत आहे मले. पाहिलं मी."

"मंग पोलिसाले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा हात उठला आणि मी डोळे मिटून घेतले. पन्नाशीची बाई, जीपमध्ये शेजारी परके लोक, तरी अंग आपोआप आखडलं. पण हात आला नाही. डोळे उघडले तेव्हा त्यांनी समोरच्या सीटचा दांडा धरला होता आणि त्यांच्या मनगटावर काकूच्या दातांचे वण उठून दिसत होते.

गावच्या फाट्यावर ते उतरून गेले, मागं पाहिलं नाही. मी घरी आले आणि जेवणही न करता पडून राहिले. सकाळी फोन वाजला. "भरती व्हाले उपाशीपोटी जा लागते का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही. त्यांनी फोन ठेवून दिला.