चौऱ्याण्णव गुणांची गल्ली

गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत, साठी उलटलेलेसुद्धा. धंदा इस्त्रीचा. एकच खोली, मधोमध टेबल, टेबलाखाली कपड्यांची गाठोडी आणि खिडकीशी खाट. खाटेवर सासूबाई. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. जीभ बहुधा डाव्या बाजूला असावी, कारण तिचं काहीच बिघडलं नव्हतं. नवरा ट्रकवर. नाल्याला पाणी चढलं की तो नेमका दोन दिवसांच्या अंतरावर असायचा, आणि हे त्याला दरवर्षी न चुकता जमायचं.

नाला गल्लीच्या पाठीलाच होता. वर्षातून दोन-तीनदा तो घरात यायचा. म्हणून वहिनीने एक पद्धत बसवली होती. पाणी उंबऱ्याला लागलं की गाठोडी माळ्यावर, सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत, पोटावरून भंगारातल्या गाडीचा पट्टा, आणि चौदा पायऱ्या चढून शिंप्याच्या खोलीत. वरून शिंपी ओढणार, खालून वहिनी आणि शेजारचा वायरमन उचलणार. अकरा मिनिटांत काम फत्ते. तेवढ्या वेळात सासूबाई तिघांच्याही खानदानाचा उद्धार करायच्या, ते वेगळं.

वहिनीचं मागणं एकच होतं: नाल्याला भिंत. सासूबाईंचं वजन कमी होत नव्हतं आणि शिंप्याचा गुडघा त्याच्याहून लवकर म्हातारा होत होता. तिने पालिकेकडे अर्जावर अर्ज दिले. शेवटी उत्तर आलं की भिंत कुठे बांधायची हे यापुढे शास्त्रीय पद्धतीने ठरेल. आधी प्रत्येक वस्तीची संकटाला तोंड देण्याची क्षमता मोजायची. जिची क्षमता कमी, तिला भिंत. मोजायला एक मॅडम येणार होत्या.

आता कुणाही शहाण्या माणसाने घरातला चिखल तसाच राखून ठेवला असता. पण पाहुणी येणार म्हटल्यावर गल्लीचं डोकं फिरलं. भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत ओलीच्या रेघा होत्या, वर्षावर्षाच्या. वहिनीने त्यांच्यावर चुना मारला. मग अख्ख्या गल्लीच्या कपड्यांना फुकट इस्त्री करून दिली, कारण चारचौघांत शोभा नको. वायरमनने दाढी केली. नाला तेवढा धुता आला नाही, याचं वहिनीला वाईट वाटलं.

मॅडम आल्या, टॅबलेट मांडीवर घेऊन टेबलाशी बसल्या आणि प्रश्न सुरू झाले. पाणी येणार हे तुम्हाला कळतं का? वहिनी म्हणाली, वासावरूनच कळतं. एकमेकांना मदत करता का? म्हणजे काय, न करून कसं चालेल. आजारी माणसाला हलवायला किती वेळ लागतो? इथे वहिनीच्या अंगात आलं. तिने तोंडी उत्तर दिलंच नाही. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, शिंप्याला हाक मारली आणि कोरड्या ठणठणीत जिन्यावरून दहा मिनिटांत वर पोचवून दाखवलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मॅडमचे डोळे भरून आले. जगाने तुमच्याकडून शिकायला हवं, असं त्या म्हणाल्या. वरून सासूबाई ओरडल्या की आता खाली आणायचं कुणी, तेही दाखवा.

जाता जाता मॅडमनी विचारलं, काही अडचण? भिंतीचं बोलायची हीच वेळ होती. पण इतकं कौतुक झाल्यावर लगेच रडगाणं कसं गायचं? वहिनी पदर सावरत म्हणाली, "तसं काही नाही. भागतं आमचं."

निकाल महिन्याभराने आला. गल्लीला शंभरपैकी चौऱ्याण्णव. सोबत चौकटीतलं प्रशस्तिपत्र, त्यावर उगवत्या सूर्याचं चित्र. नाल्यापलीकडच्या सोसायटीला एकतीस. तिथल्या लोकांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की पार्किंगमध्ये पाणी आलं तर कुणाला फोन करायचा हे त्यांना माहीत नाही, आणि शेजाऱ्याचं नावही माहीत नाही. बिचाऱ्यांची दया येऊन त्यांना भिंत मंजूर झाली. चांगली जाडजूड, सिमेंटची. पाण्याला तिकडे जायची सोय राहिली नाही, म्हणून ते सगळंच्या सगळं सक्षम गल्लीत आलं.

ते आलं भर दुपारी. वास यायच्या आत पाणी आलं. वायरमन गल्लीचा वीजपुरवठा तोडायला धावला होता, म्हणून खालून उचलायला वहिनी एकटीच. सहाव्या पायरीवर शिंप्याचा गुडघा लचकला, त्याने तिथेच बसकण मारली आणि खुर्ची दोन पायऱ्या मागे घसरली. कमरेइतक्या पाण्यात वहिनीने ती छातीवर तोलून धरली. वायरमन परत येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. त्या वेळात सासूबाईंनी एकही शिवी दिली नाही.

आठ दिवसांनी मॅडम पुन्हा आल्या, पडताळणीसाठी. गल्ली गोळा झाली; या खेपेला कुणाच्याच कपड्यांना इस्त्री नव्हती. मॅडमनी विचारलं, जीवितहानी? शिंपी म्हणाला, नाही. मॅडम समाधानाने म्हणाल्या की चौऱ्याण्णवचे शहाण्णव व्हायला हरकत नाही.

खाटेवरून सासूबाई बोलल्या, "किती मेले की भिंत मिळते, बाई? एक पुरत असेल तर सांगा. मी तयार आहे."

मॅडमना हसावं की नाही ते कळेना. सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. अशा वेळी सासूबाईंचं बोलणं सांभाळून घ्यायचं काम तिचंच असायचं.

"भागत नाही आमचं," वहिनी म्हणाली. तिने दोन्ही हात टेबलावर टेकले. "त्या दिवशी माझी बोटं बधिर झाली होती. एकदा मनात आलं, सोडून द्यावं. सुटेन मी. लिहा हे."

वहिनीला सासूबाईंकडे बघण्याची हिंमत होईना, लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मला कळलं होतं गं," सासूबाई म्हणाल्या. "हात सैल पडला होता तुझा. मीही मनात म्हणत होते, सोड एकदाची."

मग त्यांनी डावा हात उचलून मॅडमच्या टॅबलेटकडे बोट केलं. "दोघींचंही लिहून घ्या."