गोळ्या माझ्या नावावर

‘हिला एपिलेप्सी आहे,’ डॉक्टर म्हणाले, आणि मी पहिली गोष्ट काय केली, तर मागे वळून केबिनचं दार नीट लागलंय का ते बघितलं. बाहेर बाकावर आमच्या गावाकडची एक बाई बसलेली होती. तिला ऐकू गेलं असेल का, ही काळजी मला आजाराच्या आधी लागली. सांगायला लाज वाटते, पण इथूनच सुरुवात करायला हवी.

माझी मुलगी ऋतू तेव्हा आठ वर्षांची होती. आम्ही डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला राहतो. आमचे हे एमआयडीसीत शिफ्टला, मी एका शाळेत क्लार्क, आणि ऋतूही त्याच शाळेत. त्या आठवड्यात दोनदा, सकाळी मी पाणी भरत असताना, झोपेतच तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. लाळ आली, हातपाय आखडले. दीड मिनिटात सगळं शांत. उठल्यावर तिला काहीच आठवत नव्हतं.

पहिल्या वेळी मी तिच्या नाकाला चप्पल लावली, मग कांदा फोडून हुंगवला. तसलं काही करायचं नसतं. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळाकडे बघायचं, म्हणजे किती वेळ झाला ते डॉक्टरांना सांगता येतं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर सरळ दवाखाना गाठायचा. हे मला नंतर शिकवलं गेलं, तुम्ही आधीच शिकून ठेवा.

कल्याणला ईईजी केला. म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात. दुखत नाही, फक्त केसांत तो चिकट लेप राहतो आणि दोनदा न्हायला घालावं लागतं. मग एमआरआय झाला, तो चांगला आला. डॉक्टर म्हणाले, ‘ही लहानपणातली एपिलेप्सी आहे. बहुतेक मुलांची मोठेपणी जाते. गोळी चुकवू नका, आणि शाळेत सांगून ठेवा.’

शाळेत मीच होते. दर जूनला मुलांची आरोग्यपत्रकं माझ्याच टेबलावर येतात. एक रकाना रिकामा असला तरी मी पालकांना परत पाठवते, त्याबद्दल माझं नाव आहे. त्यात ‘फिट येतात का’ असा रकाना आहे. ऋतूच्या पत्रकावर मी माझ्या हाताने, छान अक्षरात ‘नाही’ लिहिलं.

का, असं विचाराल. मुलीची जात हो. एकदा फिटवाली म्हणून नाव पडलं की उद्या स्थळ कोण आणणार, एवढंच डोक्यात. आठ वर्षांच्या पोरीच्या लग्नाची चिंता करत मी ईईजीच्या रांगेत बसलेले. नातेवाइकांना सांगितलं, ताप डोक्यात गेला होता. ऋतूला सांगितलं, ही ताकदीची गोळी आहे. केमिस्टला तर माझंच नाव सांगायचे, कारण त्याची बायको आमच्या भिशीत होती.

पण शेजारच्या म्हात्रेवहिनींनी एकदा ओट्यावरचं पाकीट बघितलंच. त्या इथल्याच, जुन्या गावातल्या, आणि त्यांच्या भावाला त्याच गोळ्या चालू होत्या.

‘ही तं फिटची गोली. कोनाला गो?’

‘मला,’ मी म्हटलं.

झालं. त्या दिवसापासून मी फिटवाली. म्हात्रेवहिनी मनाने सोन्यासारखी बाई. जिना उतरताना माझा दंड धरायच्या, गच्चीवर पापड वाळत घालताना मला कठड्यापाशी जाऊ द्यायच्या नाहीत. हळदीकुंकवाला माझ्या शेजारीच बसायच्या आणि त्यांच्या पर्समध्ये एक कांदा असायचा, माझ्यासाठी. मी गप्प राहायचे. मला वाटायचं, आई आहे, एवढं तर करायलाच हवं.

तीन वर्षं गोळ्या चालल्या. एकदाही फिट आली नाही. मग दर महिन्याला थोडी थोडी कमी करत बंद केली. डॉक्टर म्हणाले, ‘झालं आता. पण फाइल टाकू नका.’ मी फाइल लग्नातल्या शालूच्या पिशवीत, कपाटाच्या तळाशी ठेवली आणि खरंच विसरले.

ऋतूच्या डोक्यात सैन्य तिच्या काकाने घातलं. माझे दीर सुभेदार होऊन निवृत्त झाले, साताऱ्याकडे असतात. बारावी झाल्यावर तिने भरतीचं मनावर घेतलं. रोज पहाटे मैदानावर पळायची, येताना मोड आलेले मूग खात यायची. माझी पोर कशाच्या मागे एवढी लागलेली मी कधी बघितली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी लेखी पास झाली, धावण्यात पास झाली. उरलं फक्त मेडिकल.

मेडिकलला न्यायच्या कागदांत जुन्या आजारांची यादी होती, समोर हो किंवा नाही. रविवार होता, मी मेथी निवडत होते. ती वाचत होती, मी उत्तर देत होते. कावीळ? नाही. दमा? नाही.

‘आई, मला कधी फिट आले—’

‘नाही,’ मी म्हटलं. तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

‘वाटलंच. मी एकदम फिट आहे,’ ती हसत म्हणाली आणि तिने ‘नाही’वर खूण केली. निवडलेली मेथी मी देठांच्या ढिगात टाकली, मग पुन्हा सगळी निवडत बसले.

पुढचे तीन दिवस मला जेवण जाईना. चौथ्या दिवशी शाळेत अर्धी रजा टाकून मी एकटीच कल्याणला डॉक्टरांकडे गेले. तेच बाक, तशाच पाण्याच्या बाटल्या आणि फायली घेऊन बसलेल्या आया. सव्वादोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरांचे केस पिकले होते, त्यांना आम्ही आठवत नव्हतो. मी सगळ्यात आधी विचारलं, ‘तपासणीत दिसेल का?’

‘बहुधा नाही दिसणार,’ ते फाइल चाळत म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की मी उठायलाच लागले.

‘बसा. तिथे झोप मिळत नाही, उपाशी पळावं लागतं, हातात बंदूक असते. पुन्हा फिट येण्याची शक्यता फार कमी आहे, पण अजिबात नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. समजा आलीच, तर तिथल्या डॉक्टरांना ती काय सांगेल?’

‘तिला माहीतच नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. ‘मग बाई, तुम्ही लपवताय कोणापासून? सैन्यापासून की तिच्यापासून?’

मी घरी आले, शालूची पिशवी काढली आणि फाइल ऋतूच्या पुढ्यात ठेवली. तिने प्रत्येक पान उलटलं. प्रत्येक पानावर तिचं नाव. शेवटी म्हणाली, ‘मी वर्गात सगळ्यांना सांगायचे, माझी आई मला ताकदीची गोळी देते म्हणून मी पहिली येते.’ पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आमचे हे बोलले, ते ऐकवत नव्हतं. ‘पोरीने हाडं झिजवली. तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?’

तिसऱ्या दिवशी ती झेरॉक्सवाल्याकडून फॉर्मची नवी प्रत घेऊन आली. माझ्यासमोर बसून ‘हो’वर खूण केली. मी रडायला लागले तर म्हणाली, ‘अगं, बाजूला दुसरी कोणाची तरी मुलगी उभी असणार ना बंदूक घेऊन.’

मेडिकलला उंची, छाती, डोळे, कान, सगळं नीट. मग तिने आपणहून फाइल पुढे केली. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘सच बताया, अच्छा किया,’ आणि अनफिट लिहिलं. फेरतपासणीचा अर्ज केला. त्यासाठी पुन्हा ईईजी, ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांसाठी तीन खेपा, सही एका मजल्यावर आणि शिक्का दुसऱ्या. ईईजी अगदी स्वच्छ आला. निकाल मात्र तोच, अपात्र. नियम कोणत्या आजाराला काय आहेत, ते बदलतात का, हे मला विचारू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि मुलं पळायला लागायच्या आधी विचारा. दोन वर्षं मैदान तुडवल्यावर नाही.

खरं सांगितल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं नाही झालं. ऋतूचे बूट चार महिने दाराआड पडून होते, झाडू मारताना मी ते उचलायचे आणि परत तिथेच ठेवायचे. मी दमून गेलेले. तीसुद्धा.

एका सकाळी आम्ही दोघी जिना उतरत होतो. म्हात्रेवहिनींनी सवयीने माझा दंड धरला. ऋतू मागे वळून म्हणाली, ‘काकू, सोडा तिला. तिला काही झालेलं नाही. गोळ्या माझ्या होत्या.’

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हात्रेवहिनींनी माझा दंड सोडला. ‘म्हंजे इतकी वर्सा मी कांदा फुकटच वागवला गो?’

ऋतू हसली. त्या चार महिन्यांत पहिल्यांदा. तेवढ्यासाठी मी म्हात्रेवहिनींचे पाय धरायला तयार आहे. त्या डॉक्टरांचेही, ज्यांनी मला उठता उठता परत बसवलं.

बूट आता पुन्हा तिच्या पायात आहेत. ती शारीरिक शिक्षणाचा कोर्स करते आणि पहाटे मैदानावर भरतीसाठी तयारी करणाऱ्या मुलींना पळवते. नवीन मुलगी आली की पळायच्या आधी एक कागद देते, जुन्या आजारांचा. छापून मीच देते, शाळेतल्या पत्रकावरून बनवलाय. परवा मी तिचा डबा द्यायला गेलेले, तेव्हा एक मुलगी तिथेच उभ्या उभ्या भराभर ‘नाही, नाही’ लिहीत होती. ऋतूने तिच्या हातातला कागद काढून घेतला.

‘असं नाही. घरी जा, आईला विचारून ये,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, ‘आणि आई पटकन नाही म्हणाली, तर पुन्हा एकदा विचार.’